धागे चालवावे कसे, थांबवावे कसे?



गावाकडच्या लग्नातली पंगत आठवा. भातवाला पुढे, त्याच्यामागून वरणवाला, त्याच्यामागून तूपवाला. सारे एकाच वेळी चाललेले असतात, म्हणून शंभर पानं बघता बघता वाढून होतात. संगणकाच्या प्रोग्राममध्येही असे वाढपी नेमता येतात. त्यांना थ्रेड म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा.

ऐरोलीला मी मुलांना हा विषय शिकवतो. एकेकाळचं हे खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. आज तिथं संगणक कंपन्यांच्या उंच इमारती आहेत, आणि गावोगावची मुलं त्यांच्याकडे डोळे लावून शिकायला येतात. अशाच एका मुलानं जावा भाषेत प्रोग्राम लिहिला. घरी दुभती जनावरं, म्हणून विषय घेतला दूध डेअरीचा. दोन खिडक्या म्हणजे दोन थ्रेड. दोघांनी एकाच खात्यात एकेक लिटर मिळवायचा, प्रत्येकानं एक लाख वेळा. उत्तर दोन लाख यायला हवं. आलं कमी. पुन्हा चालवलं, तर निराळंच! पोरगा रडकुंडीला आला. म्हणाला, "सर, संगणकाला बेरीज येत नाही!"

बेरीज येत होती. काय घडत होतं पाहा. खात्यावर ४० लिटर आहेत. पहिली खिडकी ४० वाचते, तेवढ्यात दुसरीही ४०च वाचते. पहिली ४१ लिहिते, दुसरीही ४१च लिहिते. दूध आलं दोन लिटर, नोंद झाली एकाची. शेतकऱ्याचं एक लिटर बुडालं, आणि चोर मात्र कोणीच नाही! यावर उपाय एवढाच, की वही एका वेळी एकाच्याच हाती द्यायची. त्याचं वाचून, मिळवून, लिहून होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. याला लॉक, म्हणजे कुलूप म्हणतात. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं १९६५ साली या प्रश्नाची उकल प्रसिद्ध केली होती.

हिशेब जुळला. मग त्यानं खिडक्या दिवसभर चालू ठेवल्या आणि विचारलं, "सर, आता संध्याकाळी डेअरी बंद कशी करायची?"

खरी मेख इथंच आहे. जावात आरंभी 'स्टॉप' नावाची आज्ञा होती. ती दिली की थ्रेड असेल तिथंच मरे आणि त्याच्याकडची कुलपं आपोआप उघडत. समजा, लिटर लिहून झाले आणि पैसे लिहायचे राहिले; ती अर्धी नोंद तशीच दुसऱ्याच्या हाती पडे. वाढप्याच्या हातून बादली हिसकावण्यातलाच हा प्रकार! म्हणून १९९८ सालीच ही आज्ञा वापरू नका असं सांगण्यात आलं, आणि २०२३ सालच्या जावा २० पासून ती चालेनाशीच झाली.

मग करायचं काय? थ्रेडला मारायचं नाही, सांगायचं. 'आता पुरे' अशी एक पाटी लावायची. प्रत्येकानं हातातली नोंद पुरी करावी, पाटीकडे पाहावं आणि निघावं. मात्र तीन गोष्टी सांभाळा. पाटी 'व्होलटाइल' म्हणून जाहीर करा. नाहीतर एकानं लावलेली पाटी दुसऱ्याला कधीच दिसणार नाही, असंही होऊ शकतं. दुसरं, दुधाची वाट पाहत पेंगणारा पाटीकडे बघतच नाही. त्याला 'इंटरप्ट' करून हलवावं लागतं. आणि तिसरं, 'जॉइन' ही आज्ञा देऊन शेवटचा माणूस परत येईपर्यंत थांबा, मगच बेरीज छापा. आमच्या विद्यार्थ्यानं पाटी लावली आणि लगेच बेरीज छापली. शेवटच्या नोंदी तिच्यात आल्याच नाहीत. शेवटचा वाढपी आत येण्याआधी किती भात संपला, हे यजमान कसं सांगणार?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे शिकवायला संगणकच हवा असं नाही. फळ्यावर ४० लिहा. दोन मुलांना एकदम तो आकडा वाचायला लावा. पाठ फिरवून एक मिळवू द्या आणि मग पाळीपाळीनं लिहायला सांगा. ४२ ऐवजी ४१ दिसला की वर्ग हसेल. मग दोघांत एकच खडू द्या आणि नियम सांगा: खडू हातात आल्यावरच आकडा वाचायचा, लिहून झाला की खडू सोडायचा. कुलूप म्हणजे काय, हे त्या मुलांना पुन्हा सांगावं लागणार नाही.