नियती, निवड आणि 'एकच प्याला'



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी एकदा वर्गात फळ्यावर एवढेच लिहिले होते : 'सिंधूला कोणी मारले?' आम्ही एकमुखाने म्हणालो, 'दैवाने.' गुरुजी काही न बोलता खडू ठेवून बसले. ते उत्तर आज दुरुस्त करावे, असे मनात आहे.

विषय या नगरीला परका नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये प्रथम बडोद्यातच रंगभूमीवर आणले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २३ जानेवारीस, गडकरी सावनेर येथे निवर्तले होते. नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. सिंधू झाले बालगंधर्व, सुधाकर झाले गणपतराव बोडस.

मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून त्याची ख्याती आहे. मला ती प्रथमतः एका प्रेमळ संसाराची शोकांतिका वाटते. ग्रीकांच्या इडिपसाचे भविष्य त्याच्या जन्माआधीच वर्तविलेले होते. सुधाकराच्या कपाळी असे काही लिहिलेले नाही. कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद काही काळ जाते. हे झाले परिस्थितीचे देणे. परंतु तळीरामाने पुढे केलेला पेला ओठी लावतो तो सुधाकराचा स्वतःचा हात. माहेरची मदत घेणार नाही अशी शपथ सिंधूला घालतो तोही त्याचाच अहंकार.

मद्यासक्ती हा आजार आहे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते, आणि ते मी मानतो. पेल्यागणिक माणसाचे स्वातंत्र्य आटत जाते. म्हणूनच तर नाटकाच्या नावात 'एकच' हा शब्द आहे. निवडीला सर्वांत अधिक वाव असतो तो त्या पहिल्या क्षणी, आणि नेमका तोच क्षण सर्वांत क्षुल्लक भासतो.

आता सिंधू. मरतानाही ती खोटी जबानी देऊन पतीला वाचवू पाहते. ही तिची निवडच. पण पतिव्रतेच्या ज्या चौकटीत ती वाढली, तिने तिच्यापुढे दुसरी वाट ठेवली होती काय? त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता नवऱ्याला उलट बोलते, सोशीकपणा नाकारते. प्रेक्षक गीतेला हसतात आणि सिंधूसाठी रडतात. त्या हसण्यारडण्यातही आपण एक निवड करीतच असतो.

आमच्या वाड्यात एक काकू होत्या. दंडावरचा वळ पदराने झाकीत त्या म्हणत, 'नशिबाचे भोग, दुसरे काय!' आम्ही शेजारी माना डोलवीत असू. त्या 'नशीब' शब्दाने त्यांचे दुःख कणभरही हलके झाले नाही. हलकी झाली ती आमची जबाबदारी. भिंतीपलीकडचा आवाज ऐकूनही दार न ठोठावणे, हा आमचा निर्णय होता. तो आम्ही रोज घेत होतो, आणि मीही त्यांत होतो.

दैव मुळीच नाही, असे मी म्हणत नाही. जन्म, काळ, अपमान, आजार यांवर आपली सत्ता चालत नाही. परंतु जे आपल्या हाती होते त्यालाही दैव म्हणणे, ही पळवाट होय.

गुरुजी, उत्तरास फार उशीर झाला. सिंधूला सुधाकराच्या हाताने मारले. आणि ज्या ज्या घराने ऐकून कडी लावून घेतली, त्या प्रत्येक घराचा त्यात वाटा होता.