आधी बघू द्या

श्रोतेहो, 21 सप्टेंबर 1995 हा दिवस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. रांगेत पदवीधर होते, इंजिनिअर होते. पृष्ठताणाचे गुण मिळवून पास झालेली माणसं! शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवला, तेव्हा पृष्ठताणानं चमच्यातून ओढलेलं ते दूध मूर्तीवरून ओघळताना स्पष्ट दिसलं. पण चमचा धरणाऱ्या कितीजणांनी खाली वाकून पाहिलं? श्रद्धेचं राहू द्या. वाकावंसंच वाटलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

ही वाकून बघायची खोड चौथ्या-पाचव्या वर्षी लागावी लागते. विरजणासारखं आहे ते. दूध कोमट असताना चमचाभर पुरतं. गार दुधात वाटीभर घाला, सकाळी पातळच. आणि लावल्यावर घटकेघटकेला ढवळलं, तरी दही लागत नाही. आपण नेमकं तेच करतो. पोर काही बघायला लागलं रे लागलं, की आपला उत्तराचा डाव आत!

संत्र्याचंच घ्या. बादलीत टाका, तरंगतं. सोलून टाका, बुडतं. वजन कमी झालं, तरी बुडतं! पाच वर्षांचं मूल इथे थबकतं. फळ बाहेर काढतं, हुंगतं, नुसती साल पाण्यावर सोडून बघतं. तेवढ्यात खुर्चीतून आजोबा म्हणतात, "घनता, बाळा, घनता." झालं, मूल गेलं खेळायला. आजोबा, दोन मिनिटं गप्प बसा हो! "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा. साल चुरगाळू दे त्याला.

सामानसुमान काही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, मग कोसबाडला, शिंपले, बिया, पानं, दगड यांवर बालवाडी चालवली. 1976 च्या घटनादुरुस्तीनं वैज्ञानिक दृष्टिकोन हे आपलं कर्तव्य ठरवलं. ते चाळिशीतल्या माणसांना व्याख्यानं देऊन कसं पार पडणार? गार दूध! (मीही व्याख्यानच देतेय, ठाऊक आहे.)

कुकरच्या शिटीत कुणाचं निसटलं असेल, म्हणून पुन्हा सांगते: उत्तर मागून, आधी बघू द्या. मूल चुकीचं कारण सांगेल. सांगू द्या, उद्या तेच बदलेल.

आता अंगणवाडीच्या ताईंनी खोलीभर मुलांत हे कसं जमवायचं, त्याबद्दल... काचेपलीकडून खूण होतेय. ते राहिलंच.