घरखर्चाची बचत : एकट्याची आणि मिळून केलेली



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या शहराने पुष्कळ विद्वान ऐकले. आम्ही काही विद्वान नव्हे. मार्केट यार्डातील हमाल आणि तोलणार यांच्यात वावरून जे शिकलो तेवढेच आमचे शिक्षण. परंतु आजचा विषय घरखर्चाचा आहे, आणि ज्याच्या घरी खर्चाला पैसा कमी, त्याला हा विषय अधिक कळतो, असे आमचे मत आहे.

बचतीचा उपदेश सामान्यतः गरिबाला केला जातो. चहा कमी कर, विडी सोड, हिशेब लिही. उपदेश खोटा नाही. तंबाखू आणि दारू यांनी किती संसार पोखरले ते आम्ही रोज पाहतो. पण गरीब मनुष्य उधळ्या असतो म्हणून गरीब राहतो, हे म्हणणे मात्र आम्हांला मान्य नाही. उलट, तोच माल तो तुमच्या-आमच्यापेक्षा महाग घेतो. कसे ते पाहा.

भुसार बाजारात गाळ्यावर साखरेचे पोते उतरते. तेथून ती किरकोळ दुकानात जाते, आणि वस्तीतल्या टपरीवर तिच्या पाव-पाव किलोच्या पुड्या होतात. रोजंदारीवरचा मनुष्य संध्याकाळी हातात पैसे पडल्यावर पुडी घेतो. समजा, पावामागे दोन रुपये जास्त पडले. घरात महिन्याला पाच किलो साखर लागली तर वीस पुड्या झाल्या. म्हणजे केवळ साखरेवर चाळीस रुपये गेले. तेल, डाळ, चहाची पूड, साबण यांचे असेच. त्यात वही उधारीची असली तर भाव विचारण्याचीही सोय उरत नाही. ज्याच्याजवळ महिन्याचे पैसे एकदम नाहीत, त्याला हा दंड रोज भरावा लागतो. हा दंड चुकविणे हीच पहिली बचत होय, आणि ती एकट्याने साधत नाही.

इंग्लंडात रॉचडेल म्हणून गाव आहे. तेथे १८४४ साली अठ्ठावीस कामकऱ्यांनी प्रत्येकी एक पौंड वर्गणी जमवून दुकान काढले. त्यात बरेच विणकर होते. दुकानात माल होता तो लोणी, साखर, पीठ, ओटाचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच. परंतु माप पुरे, माल निर्भेळ आणि व्यवहार रोखीचा. जगातील ग्राहक सहकाराची चळवळ त्याच दुकानाकडे बोट दाखविते. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून हेच निराळ्या रीतीने केले. शेजारच्या कुटुंबांनी गट करावा, महिन्याची यादी द्यावी, माल एकत्र खरेदी व्हावा आणि गटातल्यांनीच तो वाटून घ्यावा. दुकान नको, जाहिरात नको.

आता आपल्या दारची गोष्ट. आपल्या आया वर्षाची बेगमी करीत, तिच्यात मोठे अर्थशास्त्र होते. तूरडाळ माघ-फाल्गुनात, ज्वारी आणि गहू होळीच्या पुढेमागे, नवा तांदूळ दिवाळीनंतर. आवक असते तेव्हा घ्यावे, ऊन दाखवावे, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरावे. आज दोन खोल्यांच्या घरात कोठी मावत नाही आणि वर्षाचे पैसे एकदम निघत नाहीत, हे खरे. पण पाच घरे मिळून पन्नास किलोंचे गव्हाचे पोते निघते. किलोमागे चार रुपये वाचले तर दोनशे झाले. त्यातून हमाली आणि टेंपोचे भाडे वजा करा. उरेल ती खरी बचत. हे वजा न करता जो हिशेब मांडतो तो स्वतःलाच फसवितो. म्हणून एका पोत्यासाठी यार्डात येऊ नये. गहू, डाळ, साखर यांची यादी एकत्र करून एकच फेरी करावी. वजन डोळ्यांपुढे करून घ्यावे. काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे की नाही ते पाहावे. घरी गॅसची टाकी येते तिचेही तसेच. टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळविले की भरलेल्या टाकीचे वजन निघते. आणणाऱ्याकडून ते तोलून घेण्याचा तुमचा हक्क आहे. त्यात संकोच कसला?

हक्काचे आणखी एक. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. शिधापत्रिका गावाकडची असली तरी पुण्याच्या दुकानातून धान्य उचलता येते. मराठवाड्यातून येथे पोट भरायला आलेल्या कित्येकांना हे ठाऊक नसते आणि ते तोच तांदूळ बाजारातून विकत घेतात. तुमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंना एवढे सांगितलेत तरी एका घराची मोठी बचत होईल.

आता शिजविलेल्या अन्नाकडे वळू. एकटा राहणारा हमाल दोन वेळा बाहेर जेवतो, आणि त्याच्या मजुरीचा मोठा वाटा तेथेच संपतो. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती याच अडचणीतून. झुणका-भाकर, भाजी, साधे अन्न. ना नफा, ना तोटा. भाकरी थापणाऱ्या बाया कष्टकऱ्यांच्या घरातल्या, आणि खाणाराही कष्टकरीच. त्यामुळे स्वस्त जेवण आणि घरच्या बाईला काम, असे दुहेरी काम झाले. पुढे १९९५ नंतर सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली होती. ती बंद झाली. कष्टाची भाकर त्यानंतरही चालत राहिली. दिलेल्या सवलतीवर उभे असते ते सवलतीबरोबर जाते. स्वतःच्या हिशेबावर उभे असते ते टिकते.

परंतु, मंडळी, सर्वांत मोठी गळती स्वयंपाकघरात नसतेच. ती कर्जात असते. आजारपण, लग्न, शाळेची फी यांसाठी मनुष्य दहा हजार रुपये उचलतो. शेकडा पाच व्याज सांगितले की स्वस्त वाटते. पण ते महिन्याचे असते. महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल तसेच उभे. तीच रक्कम पतपेढीतून वर्षाला बारा टक्क्यांनी घेतली तर व्याज फार तर बाराशे. फरक चार हजार आठशेंचा. म्हणजे महिन्याला चारशे रुपये. वर्षभर चहा सोडून एवढे वाचतील काय? मुंबईत गिरणी कामगारांना डबे पुरविणाऱ्या खानावळवाल्या बायांची गाठ अशीच वाण्याच्या उधारीत अडकली होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बायका त्याच, पोळ्या त्याच. परंतु व्याजाला जाणारा पैसा घरात राहू लागला. म्हणून आमचे सांगणे असे की, बचत गटात किंवा पतपेढीत महिन्याला शंभर रुपये टाकावेत ते केवळ साठविण्यासाठी नव्हे. अडचणीच्या दिवशी सावकाराच्या दारी जावे लागू नये यासाठी.

आणि शंभर रुपये टाकायचे तर मजुरीही ठरल्या दिवशी हाती यावी लागते. ज्याची आज मजुरी आहे आणि उद्याची शाश्वती नाही, तो अंदाजपत्रक कशाचे करणार? १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला, त्याचे मोल येथे आहे. मालकाने मजुरी, आणि तिच्यावर टक्केवारीने लेव्ही, मंडळाकडे भरायची. मंडळाने कामगाराला पगार द्यायचा आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांची सोय करायची. भविष्यनिर्वाह निधी म्हणजे तरी काय? हाती येण्याआधीच बाजूला पडलेली बचत. ती टिकते, कारण ती मनाच्या निश्चयावर नव्हे, व्यवस्थेवर उभी असते. म्हणून आम्हांला कामगार संघटना आणि काटकसर या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्या नाहीत.

शेवटी, बचत कोठे करू नये तेही सांगितले पाहिजे. काही सुशिक्षित मंडळी यार्डात येतात, पोत्यावर दोनशे रुपये वाचवितात आणि ते गाडीत ठेवणाऱ्या हमालाशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतात. त्यांना आम्ही काटकसरी म्हणत नाही. दुसऱ्याच्या मजुरीतून कापलेला पैसा ही बचत नव्हे. आपल्या घरची तूट दुसऱ्याच्या घरी नेऊन टाकणे होय. मेथीची जुडी घेऊन बसलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी घातलेली घासाघीस त्याच मासल्याची. पोराचे दूध, मुलीची शाळा, डॉक्टरकडे वेळेवर जाणे, यांतही कात्री चालवू नये. हमालाची पाठ हेच त्याचे भांडवल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगाराने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. आमच्या लोकांनी शंभर किलोंची पोती वाहिली, आणि पोते पन्नास किलोंचे असावे म्हणून झगडाही केला. चाळिशीत पाठ गेली, तर मग कोणत्या डब्यात किती साखर उरली याला काय अर्थ राहतो?

तेव्हा आमची आपणांस एकच विनंती. घरी गेल्यावर चार शेजाऱ्यांना बोलवा. येत्या महिन्याची यादी एकत्र करा. हिशेबाची वही एकीने ठेवावी, दुसरीने तपासावी. माल घेताना भाव करावा, हमालीत करू नये. आणि उरलेल्या पैशांतून गटाची पहिली वर्गणी जमा करावी. मोलकरीण बाईंनाही त्या गटात जागा द्या. सहा महिन्यांनी वही उघडून पाहा. किती वाचले हे त्या वहीत दिसेल, आणि कोण कोणाच्या उपयोगी पडले हेही दिसेल.