न भरणारी जखम आणि जंतूंची संगत

वसमत असो, कळमनुरी असो की सेनगाव, हळदीच्या आणि सोयाबीनच्या रानात अनवाणी राबणारे पाय हिंगोली जिल्ह्यात सगळीकडे दिसतात. त्यांतल्या कुणाला मधुमेह असेल, तर पाय हळूहळू बधिर होतो, काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते, गोळ्यांचा एक कोर्स होतो, दुसरा होतो, इंजेक्शनं होतात आणि घरचे म्हणतात, ‘औषध लागूच पडेना.’ जंतू औषधाला दाद देईनासे झाले, हे त्याचं एक कारण असू शकतं. पण दुसरंही एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. जुनाट जखमेत बहुधा अनेक जातींचे जंतू एकत्र नांदतात आणि औषध किती चालेल, हे त्या जंतूंच्या संगतीवरही ठरतं.

पू तपासायला गेला की प्रयोगशाळेत त्यातला एकेक जंतू वेगळा वाढवतात. बशीतल्या खाद्यावर तो पसरतात आणि वर प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ दिसलं, की ते औषध लागू आहे असं रिपोर्टमध्ये येतं. ही परीक्षा खरी आहे, पण ती एकट्या जंतूची आहे. सोयाबीनमध्ये तूर घेणारा शेतकरी फवारणी ठरवताना दोन्ही पिकं बघतो. जखमेचा हिशेबही तसाच मांडायला हवा. जखमांत नेहमी सोबत सापडणारे दोन जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्युडोमोनास एरुजिनोसा. स्युडोमोनास असा एक पदार्थ सोडतो की स्टॅफिलोकोकसचा श्वसनव्यवहार मंदावतो. टोब्रामायसिनसारखं औषध पेशीत शिरायला नेमकी याच व्यवहारातून मिळणारी ऊर्जा लागते. म्हणूनच स्युडोमोनासच्या सान्निध्यात स्टॅफिलोकोकस या औषधातून तगून राहतो, हे 2006 साली अमेरिकेत लुकास हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. काही जंतू तर पेनिसिलिनच्या कुळातली औषधं फोडणारं विकर बाहेर टाकतात आणि त्याच्या आडोशाला शेजारचे दुबळे जंतूही वाचतात.

यावर कुणी म्हणेल, मग एकदम दोन-तीन जबर औषधं द्या. गंभीर संसर्गात डॉक्टर तसं करतातही, आणि ते योग्यच असतं. पण रक्तपुरवठा तुटलेल्या, सडलेल्या भागात औषध पोचतच नाही. मूत्रपिंडावर ताण मात्र पडतो आणि चिवट जंतूंचीच निवड होते. शिवाय संगत दर वेळी जंतूंच्याच फायद्याची नसते. 2017 साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की स्युडोमोनासच्या काही वाणांचे स्राव उलट औषधाची धार वाढवतात. म्हणजे नुसती जंतूंची नावं कळून भागत नाही, त्यांचा परस्परांशी व्यवहार कसा आहे हे कळायला हवं. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: तालुक्याच्या दवाखान्यात अशा तपासण्या कुठून आणायच्या? आज तरी त्या मोठ्या रुग्णालयांतही नित्याच्या नाहीत.

पण या ज्ञानाचा उपयोग त्या तपासणीसाठी अडून राहत नाही. जंतूंची वस्तीच मोडली, तर त्यांची एकमेकांना होणारी मदतही तुटते. म्हणून मेलेला भाग काढून जखम साफ करणं, तिच्यावर भार पडू न देणं, साखर आटोक्यात ठेवणं आणि पायाचा रक्तपुरवठा तपासणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. नमुना वरवरच्या पुवाचा न घेता, जखम साफ केल्यावर खोलच्या भागाचा घ्यावा. आणि ज्या जखमेत लाली, सूज, पू अशी संसर्गाची लक्षणं नाहीत, तिला प्रतिजैविक देऊच नये, असं तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. तेव्हा मधुमेह्यांनी रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत, जखम दिसताच सरकारी दवाखाना गाठावा आणि उरलेल्या गोळ्या किंवा शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून आणलेलं औषध घेऊ नये. जखम वेळेत साफ झाली, तर पाय वाचवणं पुष्कळदा आपल्या हातात असतं.