आरोप गैरवर्तनाचा, चौकशी विचारांची


न्यूयॉर्क शहरात 1950 साली शालेय अधीक्षकांनी शिक्षक संघटनेच्या आठ शिक्षकांना निलंबित केले. ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी नाकारले होते. एवढ्यावरून आज्ञाभंगाचा व शिक्षकास न शोभणाऱ्या वर्तनाचा ठपका आला. वर्गातील अध्यापनाचा प्रश्नच नव्हता! चौकशी अधिकारी मंडळाने नेमलेला, निकाल देणारेही मंडळच. 1951 साली आठही जण बडतर्फ झाले.

1949 च्या फाइनबर्ग कायद्याने पक्षसदस्यत्व हाच अपात्रतेचा प्रथमदर्शनी पुरावा ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो 1952 साली वैध मानला. 1967 साली त्याच न्यायालयाने, तेही पाच विरुद्ध चार मतांनी, ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. त्या शिक्षकांची संघटना मात्र 1964 सालीच विसर्जित झाली होती.