जॉर्ज टाउनचे हिरावलेले नगरस्वराज्य



मलेशियातील पेनांग बेटावर वसलेल्या जॉर्ज टाउन या शहराचा इतिहास नगरस्वराज्याविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. मलायातील पहिली नगरपालिका निवडणूक डिसेंबर १९५१ मध्ये याच शहरात झाली. त्या वेळी देशावर ब्रिटिशांचे राज्य होते. १ जानेवारी १९५७ रोजी शहराला महानगराचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी मलाया स्वतंत्र झाला. पुढे मजूर पक्ष आणि पार्टी रक्यत यांच्या समाजवादी आघाडीने महापालिकेत बहुमत मिळविले. रक्यत म्हणजे आपल्या भाषेतील रयतच. मजूर पक्षाचे डी. एस. रामनाथन महापौर झाले. पाणी, वीज आणि बसगाड्या ही नित्याच्या गरजेची कामे महापालिकाच चालवीत असे.

केंद्रात मात्र अलायन्सचे सरकार होते. ही आघाडी १९५२ च्या क्वालालंपूर नगरपालिका निवडणुकीतूनच जन्मास आली. ज्या शिडीने ती सत्तेपर्यंत चढली, ती शिडी इतरांना मिळू नये, असाच तिचा पुढील व्यवहार दिसतो. राजधानीतील निवडून आलेली नगरपालिका १९६० च्या कायद्याने संपुष्टात आली आणि तिच्या जागी आयुक्त आला. मार्च १९६५ मध्ये इंडोनेशियाशी चाललेल्या संघर्षाचे कारण देऊन देशभरातील स्थानिक निवडणुका स्थगित झाल्या. १९६६ मध्ये तो संघर्ष मिटला, परंतु निवडणुका परतल्या नाहीत. उलट त्याच वर्षी गैरकारभाराच्या आरोपांवरून जॉर्ज टाउन महापालिकेचे अधिकार राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे गेले.

गैरकारभाराची चौकशी अवश्य व्हावी. समाजवाद्यांनी तरी तिला भिण्याचे कारण नाही. पण दोषी नगरसेवकास घरी बसविण्याचा अधिकार मतदाराचा असतो. येथे नगरसेवकांबरोबर मतदारालाच घरी बसविण्यात आले! सरकारनेच नेमलेल्या अथी नहप्पन आयोगाने निर्वाचित संस्थांच्या बाजूने कौल दिला. तो बाजूस सारून १९७६ च्या कायद्याने स्थानिक निवडणुकांच्या तरतुदी निष्प्रभ केल्या. तेव्हापासून नगरसेवकांची नेमणूक राज्य सरकार करते.

२००८ साली पेनांगमध्ये विरोधी पक्ष सत्तेवर आले. निवडणुका परत आणण्यासाठी त्यांनी २०१२ मध्ये राज्याचा कायदा केला. परंतु २०१४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची याचिका फेटाळली. २०१८ मध्ये याच पक्षांच्या आघाडीकडे केंद्राची सत्ता आली. आता तरी वाट मोकळी होईल ही अपेक्षा होती. त्याच वर्षी पंतप्रधान महाथीर यांनी वांशिक तेढ वाढेल, असे सांगून नकार दिला.

कधी परकीय संघर्ष, कधी गैरकारभार, कधी वांशिक तेढ. कारणे बदलत गेली, नेमणुकीचा अधिकार मात्र कायम राहिला. नगरसेवकाची खुर्ची पक्षनेत्याच्या मर्जीवर अवलंबून असली, की तो तुंबलेल्या गटाराची तक्रार ऐकण्याआधी नेत्याची नाराजी मोजतो. नागरिक कर भरतो, पण जाब विचारू शकत नाही.

सत्तेचे विकेंद्रीकरण हे ध्येय मानणाऱ्या पक्षाची खरी कसोटी तो विरोधात असताना लागत नाही. हाती आलेला नेमणुकीचा अधिकार तो मतदारास परत करतो की नाही, यावरच त्याची निष्ठा पारखली पाहिजे.