मिठातला न दिसणारा हिशेब

बारावीच्या प्रयोगशाळेत ज्यांनी ब्युरेटची तोटी जपून फिरवली आहे, त्यांना ‘टायट्रेशन’ हा शब्द ऐकताच रीडिंगची वही आठवेल. रसायनशास्त्र शिकवताना मला मुलं हमखास विचारतात, “सर, याचा पुढे उपयोग काय?” मी त्यांना मिठाची पिशवी दाखवतो.

टायट्रेशनची कल्पना तशी सोपी आहे. एका द्रावणात एखादा पदार्थ किती आहे, हे आपल्याला माहीत नसतं. मग ज्याची तीव्रता ठाऊक आहे असं दुसरं द्रावण त्यात थेंबथेंब सोडायचं. रंग बदलला की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं त्यावरून हिशेब मांडायचा. ‘ब्युरेट’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी रूढ केलं. योगायोग असा, की समुद्रशेवाळाच्या राखेतून १८११ मध्ये सापडलेल्या आयोडीनचं नावही त्यांनीच सुचवलं.

हे आयोडीन शरीराला अगदी थोडं लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर स्त्रीला २५०. पण तेवढंही मिळालं नाही तर गलगंड होतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागांत आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं. तिथे गलगंडाचं प्रमाण स्पष्टपणे उतरलं. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडच्या नियमानुसार दुकानात ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं. दिवसाला दहा ग्रॅम मीठ पोटात जातं असं धरलं, तर त्या १५ मधून नेमके १५० मायक्रोग्रॅम मिळतात.

अडचण अशी, की दहा मिलिग्रॅमचं मीठ आणि तीस मिलिग्रॅमचं मीठ दिसायला सारखंच, चवीलाही सारखंच. मिठावर थेंब टाकून निळा रंग पाहण्याची झटपट चाचणी असते. ती आयोडीन आहे की नाही एवढं सांगते. किती आहे, हे तिच्यावरून खात्रीनं कळत नाही. तिथे ब्युरेटच हवी.

प्रयोगशाळेत दहा ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवतात. त्यात थोडं आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालून चंबू दहा मिनिटं अंधारात ठेवतात. मिठातल्या आयोडेटमुळे आयोडीन मोकळं होतं आणि पाणी पिवळसर दिसू लागतं. मग ब्युरेटमधून सौम्य सोडियम थायोसल्फेट सोडायचं. पिवळेपणा अगदी फिकट झाला की स्टार्चचं द्रावण घालायचं. चंबूत गडद निळाई पसरते. स्टार्च आधीच घातला तर तो आयोडीन धरून बसतो आणि शेवट चुकतो. आता एकेक थेंब. निळा रंग गेला की तोटी बंद.

नेहमीच्या तीव्रतेचं थायोसल्फेट एक मिलिलिटर लागलं, तर मिठात दर किलोला सुमारे १०.६ मिलिग्रॅम आयोडीन आहे असं समजायचं. म्हणजे दुकानातलं मीठ पास की नापास, हे जेमतेम दीड मिलिलिटरच्या आत ठरतं! एका थेंबाचा फरक म्हणजे किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक. घाईघाईनं दोन-तीन थेंब जास्त पडले, तर कमी आयोडीनचं मीठही कागदावर उत्तम ठरेल आणि त्याची किंमत एखाद्या खेड्यातलं न जन्मलेलं मूल मोजेल. म्हणून मी मुलांना सांगतो, रीडिंग जमवून लिहू नका. जे आलं तेच लिहा.

आणि गृहिणींनो, तुमच्या हातीही थोडं आहे. दमट हवेत आयोडीन कमी होत जातं. तेव्हा मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट लावा, ती शेगडीपासून दूर ठेवा आणि आमटीत मीठ जमेल तेवढं शेवटी घाला.